सुधारलेल्या मशीनवरचा लेहरा

'इम्प्रूव्ह्ड' हा शब्द कुठल्याही डब्यावर, बाटलीवर, खोक्यावर दिसला की अजून माझं डोकं फिरतं. अरे, कोणी सांगितलं होतं तुम्हाला सुधारायला? आधी जे होतं ते तसं का होतं, हे विचारलंत का कधी? दुकानात उभी राहून मी हे असं पुटपुटते आणि नवरा ट्रॉली घेऊन दोन रांगा पुढे निघून जातो. त्याला कारण माहीत आहे. बाकीच्यांना वाटतं बाई तिखट आहे. आहेच मी तिखट. पण या शब्दावर चिडायचा हक्क खरं तर मला नाही, कारण तो एका खोक्यावर छापायचा आग्रह मीच धरला होता.

तेव्हा आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला राहायचो. २००६ च्या आसपासची गोष्ट. माझी नोकरी चिप तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी आखलेली चिप कारखान्यात जायच्या आधी तिच्यातल्या चुका शोधायची. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला याहून बरी नोकरी सापडली नसती. शनिवारी मात्र मी एका म्हाताऱ्याच्या गॅरेजात जायचे. हा अमेरिकन गृहस्थ टेलिफोनच्या कामातून रिटायर झालेला इंजिनिअर. लायब्ररीच्या बोर्डावर त्याने चिठ्ठी लावली होती की ऐंशीच्या दशकातला एक घरगुती संगणक मी नव्याने बनवतोय, तपासायला माणूस हवा. चिठ्ठीवर त्या मशीनचा फोटो होता. रबरी बटणांचं, टीव्हीला जोडायचं, कॅसेटवरून प्रोग्राम घ्यायचं ते चिमुकलं यंत्र बघून मी तिथल्या तिथे फोन लावला.

कारण आमच्या नागपूरच्या घरी तेच मशीन होतं. मस्कतच्या मामाने आणलेलं. माझे बाबा शाळेत फिजिक्स शिकवायचे आणि तबला वाजवायचे. तबल्याचा रियाझ करायचा तर कोणीतरी पेटीवर सोळा मात्रांची तीच ती ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसावं लागतं, तिला लेहरा म्हणतात. आता तासभर तेच वाजवणारा पेटीवाला मिळतो कुठे? आणि मिळाला तर निम्मा वेळ चहा पितो. म्हणून बाबांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मशीनला लेहरा वाजवायला शिकवलं. आकडे टाकायचे, ऐकायचं, मान हलवायची, आकडा बदलायचा, परत ऐकायचं. आई म्हणायची, घरात कोकिळेऐवजी डास पाळलाय. पण त्या डासाबरोबर बाबांनी बारा वर्षं रियाझ केला. नंतर मशीन मेलं आणि भंगारात गेलं. कॅसेट मात्र त्यांनी जपून ठेवली होती.

म्हाताऱ्याचं काम असं होतं. बाजारात एक कोरी चिप मिळते, तिला आतून हवं तसं मांडता येतं. तिच्यात त्याने ते जुनं अख्खं मशीन मांडलं होतं. माझं काम त्याने मांडलेलं बरोबर आहे का ते बघायचं. आता मूळ मशीनला एक खोड होती. त्यात मेमरी एकच आणि ती दोघींना लागायची, आकडेमोड करणाऱ्या चिपला आणि टीव्हीवर चित्र काढणाऱ्या चिपला. चित्रवालीचा नंबर आधी, तोवर आकडेमोडवालीने थांबायचं. नळावर एकीची घागर भरेपर्यंत दुसरीनं उभं राहावं, तसं. त्यामुळे आपण मेमरीत ठेवलेला प्रोग्राम हळू चालायचा. मशीनच्या पोटात कारखान्यातूनच कोरून आलेले प्रोग्राम मात्र या रांगेत उभे राहत नसत, ते पूर्ण वेगाने पळायचे.

म्हाताऱ्याने ही खोडही इमानदारीने उतरवली होती. मी ती पाहिली आणि म्हटलं, हे काढ.

तो म्हणाला, "पण मूळ मशीन असंच होतं. यावर कोणी अवलंबून असेल तर?"

"दोषावर कोण अवलंबून असतं?" मी म्हटलं. "त्या काळी पैसे वाचवायला केलेली तडजोड आहे ही. आपल्याकडे जागा भरपूर आहे, दोघींना वेगवेगळा नळ दे."

तो जरा घुटमळला. पण माझ्यावर त्याचा फार विश्वास, कारण मी त्याच्या चाळीसएक चुका काढल्या होत्या आणि सगळ्या खऱ्या निघाल्या होत्या. त्याने थांबणं काढून टाकलं. मशीन भरभर पळायला लागलं. खोक्यावर 'इम्प्रूव्ह्ड' लिहू या, असं मीच म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा तर गोठाच रिकामा झाला, पण ते कळायला वेळ होता.

त्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आईला विमानाची धास्ती, त्यामुळे एकटेच. मी फोनवर सांगितलं होतं, तुमच्या जुन्या कॅसेट घेऊन या, टेस्टिंगला लागतील. खरी, लोकांनी वापरलेली कॅसेट ही तपासायला सगळ्यात चांगली. त्यांनी सामानात लोणचं आणलं नाही, पण कॅसेट बनियनमध्ये गुंडाळून आणली. नेवार्कच्या विमानतळावर उतरल्याबरोबर गाडीत बसायच्या आधी विचारलं, "चालते का गं तुमच्या मशीनवर?"

तिसऱ्या खेपेला चालली. किरकिर आवाज करत प्रोग्राम आत गेला आणि डायनिंग टेबलावरच्या, म्हाताऱ्याने मला तपासायला दिलेल्या हिरव्या बोर्डातून लेहरा वाजायला लागला. बाबांचा चेहरा काय फुलला होता! त्यांनी टेबलाच्या कडेवरच बोटं टेकली, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मान दिली आणि सुरू झाले. दोन आवर्तनं झाली. तिसऱ्यात बोटं अडखळली. परत सुरू केलं, परत अडखळली.

"अगं, पळून राहिलं हे," बाबा म्हणाले.

"काय पळतंय?"

"लय. नवव्या मात्रेनंतर पळतं. सम आधीच येऊन बसते."

मला लय कळत नाही. गाढवाला गुळाची चव काय! मला नॅनोसेकंद कळतात. मी म्हटलं, "बाबा, या बोर्डाचं घड्याळ मी स्वतः मोजलंय. एक कणभर चूक नाही. मशीन पळू शकत नाही."

"मग काय पळतंय?"

"तुम्ही प्रवासाने दमलाय."

पंधरा दिवसांनी तो प्रवासाचा शीण संपल्यावरही पळतच होतं. ऑफिसमधून आले की बाबा टेबलाशी बसलेले. "एकदा बघ ना बाई, नवव्या मात्रेला." मी भांडी लावतेय, बघ ना. मी भाजी चिरतेय, बघ ना. दिवसभर घरात एकटा माणूस, गाडी चालवता येत नाही, चालत जावं तर फुटपाथ नाही, आणि त्याला सापडलेलं एकमेव काम हे. हे मला आता कळतंय. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की आठ तास लोकांच्या चुका काढून घरी यावं तर माझ्या कामात चूक काढायला बाप बसलेला.

मग मी काय केलं? सांगायची लाज वाटते, पण सांगते. देवळाच्या हॉलमध्ये हेल्थ फेअर होता. आपले डॉक्टर लोक रविवारी फुकट तपासायला बसतात, ब्लड प्रेशर, शुगर, डोळे. त्यात एक टेबल कानाचं होतं. मी बाबांना तिथे नेलं. कानाला हेडफोन लावून त्यांना शिट्ट्या ऐकवल्या. डॉक्टरीणबाईंनी आलेख हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, वयाच्या मानाने छान आहे. अगदी बारीक आवाज थोडे कमी येतात, ते सगळ्यांचंच होतं." छान आहे, म्हणाल्या होत्या त्या! मी त्यातलं 'कमी येतात' तेवढं उचललं. गाडीत बसल्यावर आलेख त्यांच्या मांडीवर टाकला. म्हटलं, "हे बघा. आता तरी पटलं?"

बारीक आवाज कमी येण्याचा आणि लयीचा काय संबंध? काडीचा नाही. हे त्या वेळीही मला माहीत होतं. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला तर माहीत होतंच. ते फक्त एवढं म्हणाले, "हो, कमी येत असेल."

पण हट्ट सुटला नाही त्यांचा. एका शनिवारी मी त्यांना गॅरेजात घेऊन गेले. म्हाताऱ्याने लिंबू सरबत दिलं, बोर्ड दाखवले, खोकी दाखवली, लेबलं नुकतीच छापून आली होती. त्याचे अजून दोन मित्र होते. सगळं छान चाललेलं, आणि बाबा उभे राहून शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, रिदम इज नॉट करेक्ट." सगळे हसले. वाईट नाही हसले, कौतुकानेच हसले, पण हसले. म्हाताऱ्याने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बघायचं का आपण?"

बघायचं का, म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मराठीत ओरडले, "बाबा, पुरे! इथे चार माणसांत तरी माझी अब्रू ठेवा!" भाषा कळली नाही तरी त्या तिघांना सूर कळला. ते एकदम बोर्डांकडे वळले. बाबा खाली बसले आणि सरबताचा ग्लास दोन्ही हातांत धरून राहिले.

घरी आल्यावर मी ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. लेहरा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला आणि एकेक मात्रा मोजली. आणि काय आश्चर्य, बाबा बरोबर! नववी ते बारावी मात्रा लहान भरत होत्या. पळत होतं. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? इथेच थांबून बापाचे पाय धरले असते. मी काय केलं, तर त्यांचा प्रोग्राम उघडला. त्यातले आकडे कागदावर उतरवले. सूर किती वेळ, सुरानंतरचा थांबा किती वेळ, दोन्हींची बेरीज म्हणजे एक मात्रा. सोळाच्या सोळा बेरजा केल्या. त्या चार मात्रा कागदावरही लहानच भरत होत्या! मला आनंद झाला हो. खरंच झाला. बग सापडल्यावर होतो तसा. मशीन निर्दोष होतं. चूक प्रोग्रामात होती.

मी तो कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्या चार बेरजांखाली लाल पेनने रेघा मारल्या होत्या. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारलेल्या माणसापुढे.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," मी म्हटलं. "बघा. मशीनचा काही दोष नाही. तुमचेच आकडे कमी आहेत. तुम्ही हे कानाने बसवलंत ना? तेव्हाच चुकलं होतं तुमचं. वीस वर्षांपूर्वीच."

"तेव्हा बरोबर वाजत होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला बरोबर वाटत होतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळ्या बेरजा बोट ठेवून एकेक करून तपासल्या. बेरजा बरोबर होत्या.

"म्हणजे बारा वर्षं मी वाकड्या लेहऱ्यावर रियाझ केला," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "असेल. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! आज कोणी माझ्या तोंडावर हे म्हणालं तर मी त्याचं मुस्काट फोडीन. त्या दिवसानंतर बाबांनी टेबलाशी बसणं सोडलं. टीव्हीवर हवामानाचं चॅनेल लावून बसायचे. मला वाटलं, चला, पटलं. घर शांत झालं म्हणून मी खूश होते. तीन आठवड्यांनी ते परत गेले. कॅसेट नेली नाही. 'तुला टेस्टिंगला होईल,' म्हणाले.

हिवाळ्यात म्हाताऱ्याला इंग्लंडहून कोणीतरी मूळ मशीन पाठवलं, अस्सल, चालू. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला की ते इंग्लंडच्या विजेवर चालतं, इथे कसं लावू? मी आमच्या मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर उचलला, तो भारतातून आणलेला दगडासारखा जड डबा, आणि गेले. अमेरिकन टीव्हीवर त्याचं चित्र येईना, नुसतं वरखाली गडगडत होतं. पण आवाज त्याच्या पोटातल्याच स्पीकरमधून यायचा. म्हाताऱ्याने विचारलं, काय लावू? माझ्या पर्समध्ये बाबांचीच कॅसेट होती. तीच दिली.

मूळ मशीनमधून लेहरा सुरू झाला. मी बोर्डवरही तोच लावला. दोन्ही साधारण एकत्र सुरू झाले. बोर्ड लगेच पुढे सरकला, ते अपेक्षितच होतं, वेग जास्त ना त्याचा. पण जुनं मशीन? ते डुलत डुलत, एका चालीने सोळा मात्रा चाललं आणि समेवर आलं. परत चाललं, परत आलं. मला लय कळत नाही, तरी कळलं. मी रेकॉर्ड केलं, तिथेच उभ्या उभ्या मोजलं. सोळाही मात्रा सारख्या.

समजायला मला एक मिनिटही लागलं नाही. सूर वाजवायचं काम बाबांनी मशीनच्या पोटातल्या कोरलेल्या प्रोग्रामवर सोपवलं होतं, ते रांगेत उभं राहत नसे. थांबे मात्र त्यांनी स्वतः लिहिले होते, मेमरीत, नळावरच्या रांगेत. म्हणून जुन्या मशीनवर थांबे ताणले जायचे आणि सूर तेवढेच राहायचे. नवव्या मात्रेपासून, जिथे तालाची खाली, म्हणजे टाळीऐवजी हात रिकामा ठेवायची जागा, येते तिथे, बाबांनी सूर छोटे आणि थांबे लांब ठेवले होते. तिथे ताण सगळ्यात जास्त. आणि या माणसाला रांग माहीत नाही, नळ माहीत नाही, चिपचं पुस्तक त्याने पाहिलेलं नाही. त्याने नुसत्या कानाने ओळखलं की इथे मशीन मागे ओढतंय, आणि नेमके तेवढेच आकडे कमी केले. ज्या बेरजांखाली मी लाल रेघा मारल्या, त्या त्याच्या कानाची कमाल होत्या. मी ती खोड काढून टाकली, आणि वर त्यालाच चूक ठरवलं.

म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. त्याने बोर्डवर ते थांबणं परत घातलं, दुपारपर्यंत आम्ही तपासलं, मात्रा जुळल्या. पुढच्या खोक्यांची लेबलं मी स्वतः नखाने खरवडून काढली. आधी गेलेल्या खोक्यांचं काही करता आलं नाही.

रविवारी सकाळी उठून मी फोनकार्ड घेतलं आणि नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. आईने उचलला.

"बाबा कुठेत? दे ना लवकर."

"अगं, आहेत इथेच. हल्ली घरीच असतात."

"घरीच कसे? बैठकीला नाही जात?" गुरुवारच्या भजनाच्या बैठकीला बाबा चाळीस वर्षं साथ करत होते. ताप असला तरी जायचे.

आई आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्याकडून आल्यापासून सोडलंय त्यांनी. माझी लय गेली, दुसरा माणूस बघा, म्हणून सांगून आले. ते लोक घरी येऊन गेले दोनदा, हातापाया पडले. तबलाही देऊन टाकला यांनी तिथल्या मंडळाला. तुला सांगू नको म्हणाले."

मला आईचाच राग आला, सांगितलं का नाहीस म्हणून. मग मंडळाचा आला. राग यायला माणूस सापडेना तेव्हा मी गप्प झाले. बाबांनी फोन घेतला.

मी एका दमात सगळं बोलले. जुनं मशीन मिळालं, रांग, थांबे, खाली, सगळं. "बाबा, तुमचं बरोबर होतं. तेव्हाही आणि इथेही. तुमचा एक आकडासुद्धा चुकलेला नाही. चूक माझी होती, सगळी माझी."

मग त्यांनी विचारलं, "मशीनवर तपासलं का नीट?"

"हो. मोजलं. सोळाही सारख्या आहेत."

"मशीनवर तपासलं असेल तर ठीक," बाबा म्हणाले.

हा टोमणा असता तर मी आनंदाने खाल्ला असता. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, मशीनने सांगितलं म्हणून. आणि हे मीच त्यांना शिकवून पाठवलं होतं. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "बाबा, तबला परत आणा. गुरुवारी जा. माझी शपथ आहे."

"नाही गं," ते म्हणाले, अगदी शांतपणे, पोराला गणित समजावून सांगावं तसं. "एकदा बसून पाहिलं मी, आल्यावर. हात चालतो. पण खाली आली की मनात येतं, आपलं बरोबर आहे ना? आणि ते विचारायला जातो, तोवर सम निघून गेलेली असते."